पेट्रोल कॉम्प्रेशन गेज : हेड गॅस्केटच्या कामात काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

गेले सात-आठ महिने आमच्या गॅरेजमध्ये आटे फिरवून बसवायचा कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन हवा किती दाबतो ते मोजणारे साधन, नियमित वापरात आहे. 300 पीएसआयपर्यंतची (पीएसआय हे दाबाचे एकक) डायल, रबरी नळी आणि 10, 12 व 14 मिमीच्या स्पार्क प्लगांसाठी अडॅप्टर असा हा संच आहे. त्याआधी प्लगच्या भोकावर रबरी शंकू दाबून धरायचा गेज होता. इंजिन सीटखाली असलेल्या मारुती ओम्नीसारख्या गाडीत वाकून तो शंकू सरळ दाबून धरणे अवघड जाते, हवा निसटते आणि एकाच सिलिंडरचे रीडिंग दर वेळी वेगळे येते. नव्या गेजचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे रीडिंग पुन्हा घेतले तरी काटा जवळजवळ त्याच जागी येतो, आणि हेड (सिलिंडरांवरचे झाकण) खोलायचे की नाही हा खर्चाचा निर्णय ज्या आकड्यावर घ्यायचा त्यात एवढी खात्री हवीच.

या काळातले एक काम सविस्तर सांगण्यासारखे आहे. 796 सीसीची, तीन सिलिंडरची कार्बोरेटरवाली ओम्नी होती. पाणी सारखे कमी होत होते, चढावर इंजिन गरम होत होते आणि सकाळी सुरू करताना ते मिसिंग करत होते. कॉम्प्रेशन गरम इंजिनावर घ्यावे असा नियम असला, तरी हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधले, दाब आणि पाणी अडवणारे पातळ पॅकिंग) उडाल्याचा संशय असलेली गाडी मुद्दाम तापवणे मला योग्य वाटत नाही. थंड इंजिनावर आकडे थोडे कमी येतात, पण सिलिंडरांमधला फरक स्पष्ट दिसतो. तिन्ही प्लग काढून, इग्निशन कॉइलची वायर सोडवून गेज लावण्यापूर्वीच थोडा सेल्फ मारला, तेव्हा मधल्या भोकातून पाण्याचा बारीक फवारा उडाला. ही पायरी कधीही गाळू नये, कारण सिलिंडरमध्ये पाणी साचलेले असताना भोक बंद करून इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

त्यानंतर चोक आणि थ्रॉटल दोन्ही पूर्ण उघडे ठेवून, काटा स्थिर होईपर्यंत, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा दाब मिळतील इतका, सेल्फ मारला. पहिला सिलिंडर 160 च्या पुढे गेला, दुसरा आणि तिसरा मात्र 90 च्या आसपास थांबले. त्या दोन्हींमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा पाहिले, तरी काटा फारसा हलला नाही. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलमुळे फट तात्पुरती बुजून आकडा चांगलाच वाढला असता. एकच सिलिंडर कमी असता तर व्हॉल्व्हचाही संशय तेवढाच राहिला असता. शेजारचे दोन सिलिंडर जवळपास सारखेच पडले आहेत म्हटल्यावर त्यांच्या मधल्या पट्टीत गॅस्केट जळल्याची शक्यता सर्वांत मोठी होती. हेड उतरवले तेव्हा नेमक्या त्याच ठिकाणी गॅस्केटच्या धातूच्या कडीला काळी चीर होती, आणि मधला पिस्टन पाण्याच्या वाफेने धुऊन स्वच्छ निघाला होता. हेडवर सरळपट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) घातला तर 0.05 मिमीपेक्षा जाड पाती आत जात होती, त्यामुळे हेड फेसिंगसाठी, म्हणजे तळ सपाट करून घेण्यासाठी, लेथवर पाठवावे लागले.

हेड बसवून, बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने टप्प्याटप्प्याने कसल्यावर आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट केल्यावर पुन्हा कॉम्प्रेशन घेणे हा भाग बहुतेक ठिकाणी टाळला जातो, आणि मला तो पहिल्या तपासणीइतकाच महत्त्वाचा वाटतो. टॅपेट जास्त घट्ट राहिला असेल तर त्या सिलिंडरचा आकडा लगेच पडतो. तिन्ही सिलिंडर एकसारखे कमी आले तर टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवणारा पट्टा) एखाद्या दाताने चुकल्याची शंका घ्यावी. या ओम्नीत तिन्ही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आले, आणि मगच गाडी ग्राहकाला दिली.

गेजच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. गॅस्केट पाण्याच्या आणि ऑइलच्या वाटेमध्येच फुटले असेल, तर ऑइल दुधाळ होते पण कॉम्प्रेशन अगदी निर्दोष येते. तिथे रेडिएटरला दाब देऊनच तपासावे लागते. आकड्यांची तुलना मॅन्युअलशी करताना ठिकाणही लक्षात घ्यावे. महाबळेश्वर सुमारे 1350 मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण 15 टक्के कमी असतो, म्हणून चांगल्या इंजिनाचे रीडिंगही पनवेलपेक्षा त्याच प्रमाणात कमी येणार.

खरेदी करताना डायलच्या आकारापेक्षा नळीच्या टोकाकडे पाहावे. हवा अडवणारा छोटा व्हॉल्व्ह प्लगच्या बाजूच्या टोकातच असायला हवा. तो डायलजवळ असेल तर नळीतली पोकळी पिस्टनवरच्या चेंबरमध्ये मिळवली जाते आणि आकडा कमी दिसतो. 265 सीसीच्या सिलिंडरचा चेंबर नऊच्या कॉम्प्रेशन रेशोला (हवा नऊपट दाबली जाते तेव्हा) जेमतेम 33 सीसीचा असतो, तिथे चार-पाच सीसीचाही फरक मोठा. हा व्हॉल्व्ह दिसायला टायरच्या व्हॉल्व्हसारखा असला तरी त्याची स्प्रिंग हलकी असते, त्यामुळे तो खराब झाल्यावर टायरचा व्हॉल्व्ह बसवू नये. माझ्या संचातल्या अडॅप्टरच्या ओ-रिंगा काही महिन्यांत कडक झाल्या, त्या बदलल्यावर रीडिंग पुन्हा स्थिर झाले. नळी हातानेच कसावी, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे पान्याच्या जोराने सहज जातात.

डिझेल गाडीला हा गेज लावू नये. तिथला दाब 400 पीएसआयच्याही वर जातो, आणि त्यासाठी ग्लो प्लग (डिझेल इंजिन सुरू होताना तापणारा प्लग) किंवा इंजेक्टरच्या जागी बसणारा 1000 पीएसआयचा वेगळा संच घ्यावा लागतो.