कन्सोल कोणता घ्यावा? कंपनीने दार लावल्यावर हातात काय उरते, याचा तुलनात्मक आढावा

कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळण्याचे यंत्र, घेताना किंमत, चित्रांचा दर्जा आणि उपलब्ध खेळ या तीन गोष्टी सगळेच ताडून पाहतात. चौथी गोष्ट सहसा राहून जाते : उद्या कंपनीने आपले खाते किंवा यंत्रच बॅन केले, तर मोजलेल्या पैशांपैकी आपल्याकडे काय उरेल? निन्टेंडो स्विच २, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज यांपैकी एकाची निवड करायची आहे, असे गृहीत धरून येथे केवळ या एका प्रश्नाचा विचार केला आहे.

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. खाते बॅन झाले की त्या खात्यावर घेतलेले डिजिटल खेळ अडचणीत येतात. यंत्र बॅन झाले की नवे खाते उघडूनही उपयोग होत नाही, कारण कंपनीचा सर्व्हर त्या यंत्रालाच ओळखून परत पाठवतो. यंत्र बॅन करण्याचा प्रकार नवा नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने फेरफार केलेले एक्सबॉक्स ३६० ऑनलाइन सेवेतून मोठ्या प्रमाणावर बाहेर काढले, आणि तेव्हाच्या बातम्यांत हा आकडा १० लाखांपर्यंत सांगितला जात होता. तरीही ते यंत्र घरात चालत होते आणि डिस्क घालून एकट्याने खेळता येत होते. कंपनीने स्वतःचे दार लावले, गिऱ्हाइकाच्या घराचे नाही.

स्विच २ च्या बाबतीत नेमकी हीच रेषा पुसट झाली आहे. हे यंत्र ५ जून २०२५ रोजी बाजारात आले. त्याच्या महिनाभर आधी निन्टेंडोने अमेरिकेतील वापर-करार बदलला आणि नियम मोडल्यास यंत्र पूर्णतः किंवा अंशतः कायमचे निरुपयोगी करण्याचा अधिकार त्यात स्वतःकडे घेतला. विक्री सुरू झाल्यावर काही दिवसांतच, खेळांच्या प्रती साठवणारे मिग नावाचे कार्ट्रिज (यंत्रात घालायचे छोटे कार्ड) वापरणाऱ्यांची यंत्रे बॅन होऊ लागली. आपण स्वतः विकत घेतलेल्या खेळांच्याच प्रती वापरल्या, असे सांगणारेही त्यांत होते. प्रत्यक्षात ही यंत्रे विटेसारखी पूर्ण निरुपयोगी झाली नाहीत. पडद्यावर २१२४-४५०८ हा क्रमांक येतो आणि ऑनलाइन सेवा बंद होतात, पण कार्ट्रिजवरचा खेळ चालतो. म्हणजे करारात घेतलेला अधिकार आणि आजवर वापरलेला अधिकार यांत अंतर आहे. मात्र ते अंतर कंपनीच्या मर्जीवर टिकून आहे, आणि ब्राझीलमधील प्रोकॉन-एसपी या ग्राहक संरक्षण संस्थेने नेमक्या याच कलमाला हरकत घेतली.

खरी गोम पुढे आहे. स्विच २ च्या अनेक खेळांच्या डब्यात आता ‘गेम-की कार्ड’ असते. डब्याच्या दर्शनी भागावर खालच्या बाजूला किल्लीचे चिन्ह असलेली पट्टी दिसते. आतले कार्ट्रिज नेहमीसारखेच असते, पण त्यावर खेळ नसतो. ते यंत्रात घातले की आधी संपूर्ण खेळ इंटरनेटवरून उतरवावा लागतो, आणि त्यानंतरही खेळताना कार्ट्रिज यंत्रातच ठेवावे लागते. ते दुसऱ्याला विकता येते, ही जमेची बाजू. पण बॅन झालेल्या यंत्राला सर्व्हरपर्यंत पोहोचताच येत नसेल, तर नवे गेम-की कार्ड म्हणजे नुसता प्लास्टिकचा तुकडा. पट्टी न पाहता डबा उचलणाऱ्याला आपण वस्तू घेतली असे वाटते, प्रत्यक्षात तो प्रवेशपत्र घेऊन घरी येतो.

प्लेस्टेशन ५ येथे सरस ठरते, पण डिस्क-ड्राइव्ह असलेलेच. इंटरनेट बंद करून डिस्क घातली, तर बहुतेक खेळ थेट डिस्कवरून उतरतात आणि चालतात. वेगळी मिळणारी, जोडता येण्याजोगी ड्राइव्ह मात्र पहिल्यांदा बसवताना ऑनलाइन जोडणी मागते. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात डिस्कचे यंत्र ४९,९९० रुपयांना आणि डिजिटल ३९,९९० रुपयांना आले होते. हा १०,००० रुपयांचा फरक खेळ पुन्हा विकण्याच्या हक्काची किंमत आहे, असे मी मानतो, आणि ती महाग वाटत नाही. प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीचा इतिहास मात्र निष्कलंक नाही. १ एप्रिल २०१० च्या अद्ययावतीने प्लेस्टेशन ३ वर लिनक्स ही संगणक-प्रणाली चालवण्याची सोय काढून टाकली गेली. ही सोय जाहिरात करून विकलेली होती, त्यामुळे अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि कंपनीला तडजोड करावी लागली.

एक्सबॉक्सबद्दल थोडक्यात सांगता येईल. सिरीज एस मध्ये डिस्क-ड्राइव्हच नाही. सिरीज एक्स च्या डिस्क आवृत्तीत आहे, पण यंत्र पहिल्यांदा सुरू करायलाच इंटरनेट लागते. गैरवर्तनाच्या शिक्षेची पद्धत मात्र मला तिघांत सर्वांत समंजस वाटते : ऑगस्ट २०२३ पासून प्रत्येक चुकीची नोंद होते आणि आठ नोंदी झाल्यावर गप्पा, निरोप, सामूहिक खेळ अशा सुविधा वर्षभरासाठी बंद होतात. शिक्षेला पायऱ्या आहेत आणि त्या आधी सांगितलेल्या आहेत.

संगणकावर खेळायची तयारी असेल, तर गॉग हे दुकान खेळाची संपूर्ण फाइल आपल्याकडे ठेवू देते. स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात पैसे भरतानाच, आपण परवाना घेत आहोत, अशी सूचना दिसते. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात असा खुलासा न करता डिजिटल मालासाठी ‘विकत घ्या’ हा शब्द वापरता येत नाही.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ ही संकल्पना आहे. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारे कलम त्यात मोडते, आणि अशी तक्रार जिल्हा नव्हे तर राज्य आयोगापुढे जाते. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट भारतात अधिकृतपणे व्यवसाय करत असल्याने तक्रारीला समोर पक्ष तरी असतो. स्विच मात्र आपल्याकडे प्रामुख्याने आयातदारांमार्फत येतो आणि निन्टेंडोचे भारतासाठी वेगळे ऑनलाइन दुकान नाही, म्हणून परदेशी प्रदेशाचे खाते काढावे लागते. बॅन झाल्यावर दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न तेथेच अडतो.

म्हणून डिस्क घेऊन, खेळून, विकून टाकणाऱ्याने ड्राइव्ह असलेले प्लेस्टेशन ५ घ्यावे. घरात निन्टेंडोचा मारिओ हा खेळच हवा असेल तर स्विच २ ला पर्याय नाही, पण यंत्र नवे आणि किल्लीची पट्टी नसलेले खेळ घ्यावेत. सेकंडहँडच घ्यायचा झाला, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानात पैसे देण्यापूर्वी मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून, आपल्या खात्याने ऑनलाइन दुकान उघडून पाहावे. २१२४ ने सुरू होणारा क्रमांक आला तर यंत्र खाली ठेवावे. दुकान उघडले तरीही पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि बॅन निघाल्यास परत घेण्याची मुदत विक्रेत्याकडून त्याच कागदावर लिहून घ्यावी, कारण आधीच्या मालकाच्या करणीची शिक्षा काही दिवसांनीही येऊ शकते.