नम्रतेची शिडी की गर्वाची?
आत्मपरीक्षणासाठी ख्रिस्ती परंपरेत दोन जुन्या शिड्या आहेत. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठाच्या नियमावलीत नम्रतेच्या १२ पायऱ्या दिल्या: देवाच्या भयापासून झुकलेल्या नजरेपर्यंत. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या क्लेअरव्हो मठाच्या संत बर्नार्डने गर्वाच्या १२ पायऱ्या मांडल्या; पहिलीच भिरभिरती, नको तिथे डोकावणारी नजर.

रात्री स्वतःला तपासायला बर्नार्ड अधिक उपयोगी, कारण तो लक्षणं दाखवतो: बढाई, वेगळेपणाचा सोस, चुकांचं समर्थन. नववी पायरी सर्वांत फसवी. पकडला गेलेला माणूस ‘मी महापापी’ म्हणतो, पण कठोर प्रायश्चित्त मिळताच कुरकुरतो.

उपाय मात्र बेनेडिक्टकडे: चौथ्या पायरीवर अन्यायातही धीर, पाचवीवर मनातले वाईट विचार मठाधिपतीपुढे उघड करणं. हे टाळून थेट बारावीची झुकलेली नजर घेतली, तर उरतो निव्वळ देखावा.