विचारप्रयोग: पडद्यावर एकट्याने की बैठकीत चौघांसोबत?

तत्त्वज्ञानाची ओळख विचारप्रयोगांतून, म्हणजे काल्पनिक प्रसंगात आपण काय ठरवू याचा विचार करून, करून घेऊ इच्छिणाऱ्या कोल्हापूरकरापुढे दोन मार्ग आहेत: मोबाइलवर एकामागून एक प्रसंग सोडवत जाणे, किंवा चार-सहा जणांनी घरी अथवा वाचनालयात बसून तेच प्रसंग चर्चेला घेणे.

पडद्याचे मोठे बळ असे, की तेथे इतरांचे मत ऐकण्यापूर्वी स्वतःचे उत्तर द्यावे लागते. ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या प्रसंगात भरधाव ट्राम पाच जणांच्या दिशेने येत असते. ती एकच माणूस असलेल्या रुळावर वळवावी का, या प्रश्नाला बहुतेक जण होकार देतात. पुढे अमेरिकी तत्त्वज्ञ जूडिथ जार्विस थॉमसन यांनी पुलावरच्या माणसाला खाली ढकलून ट्राम थांबवण्याचा पर्याय मांडला, तेव्हा त्यांतलेच पुष्कळ जण माघार घेतात. पडदा ही दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून विसंगती दाखवून देतो. बैठकीत मात्र एखादे वडीलधारे आधी बोलले, की धाकट्यांची मते नकळत तिकडे झुकतात.

तरीही पर्याय आधीच ठरलेले असणे ही पडद्याची गंभीर मर्यादा आहे. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या ‘मॉरल मशीन’ या संकेतस्थळाने २०१६ पासून चालकविरहित गाड्यांविषयी सुमारे चार कोटी निर्णय गोळा केले; लोक कोणाला वाचवतात हे त्यातून कळले, परंतु का वाचवतात हे विचारण्याची सोय त्यात नव्हती. शिवाय ते ज्या दहा भाषांत होते, त्यांत मराठी नव्हती.

बैठकीत प्रश्नाचीच तपासणी होऊ शकते. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार समाजाचे नियम ठरवताना आपली जात, संपत्ती वा बुद्धी कोणती असेल हे आपल्याला ठाऊक नाही असे मानायचे असते. येथील बैठकीत हा विषय निघाला, की २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्याचा उल्लेख होणारच, आणि मग खरा वाद उभा राहतो: स्वतःचे स्थान पूर्ण ठाऊक असलेला राजा असा निर्णय घेऊ शकत असेल, तर न्यायबुद्धीसाठी त्या अज्ञानाची गरज उरते का? माझ्या मते तत्त्वज्ञान येथे सुरू होते, आणि ठरावीक पर्यायांच्या यादीत या प्रश्नाला जागाच नसते.

म्हणून वेळ तुटपुंजा असेल किंवा चारचौघांत बोलण्याचा संकोच असेल, तर पडदा निवडावा. लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील नीतिशास्त्राच्या पेपरची तयारी करणाऱ्यांना निर्णयाची कारणे लिहावी लागतात, त्यामुळे त्यांनी बैठकच निवडावी. एका बैठकीस एकच प्रसंग घ्यावा, प्रत्येकाने आपले उत्तर आधी कागदावर लिहून ठेवावे आणि सर्वांत वयाने लहान असलेल्याला प्रथम बोलू द्यावे.