झडपेचा आयव्ही कॅन्युला: पावसाळ्यापासून गाळप संपेपर्यंतचा अनुभव

निपाणीत हायवेला लागून असलेल्या एका खाजगी रुग्णालयात मी कॅज्युअल्टीची, म्हणजे तातडीच्या विभागाची, इनचार्ज सिस्टर आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे हबच्या, म्हणजे मागच्या जोडायच्या तोंडाच्या, आत झडप बसवलेले आयव्ही कॅन्युला, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवायच्या नळ्या, आले. आता कारखान्यांची गाळपं संपली, टोळ्या गावाला परतल्या, तरी ते आमच्या ट्रॉलीवर आहेत. एवढ्या वापरानंतर माझं मत असं: कॅज्युअल्टीत आणि रात्रपाळीत हा कॅन्युला हवाच. सगळ्या वॉर्डांत हवा असं नाही. आणि आतली झडप कोणत्या प्रकारची आहे हे विचारल्याशिवाय कुणी पेटी मागवू नये.

आयव्ही लावणाऱ्यांना साध्या कॅन्युलाची अडचण ठाऊक आहे, पण खरेदी करणाऱ्यांना बहुतेक वेळा नसते, म्हणून सांगते. सुई शिरेत गेली की मागच्या चेंबरमध्ये रक्त दिसतं, त्याला आम्ही फ्लॅश म्हणतो. मग सुई जागेवर धरून नळी पुढे सरकवायची, टुर्निके (दंडाला आवळलेला पट्टा) सोडायचा, नळीच्या टोकाच्या पुढे शीर बोटाने दाबून धरायची, दुसऱ्या हाताने सुई काढायची आणि लगेच स्टॉपर, थ्री-वे (तीन तोंडांची छोटी तोटी) किंवा सलाईनचा सेट जोडायचा. सुई निघाल्यापासून सेट जोडेपर्यंत हब म्हणजे शिरेतून बाहेर येणारी उघडी नळी असते. त्या वेळात दोन हातांना तीन हातांचं काम असतं. दाब नीट बसला तर थेंबही पडत नाही. पण हात सुजलेला असेल तर शीर बोटाखाली येतच नाही. आयुष्यभर विड्या वळलेल्या म्हाताऱ्या बायकांची कातडी इतकी पातळ असते की जोरात दाबलं तर निळं पडतं. टुर्निके सोडायचा राहिला तर मग विचारूच नका, कारण शिरेतला दाब टुर्निकेमुळे कितीतरी वाढलेला असतो.

पडलेलं रक्त मोजलं तर चमचाभरही नसतं. पण पांढऱ्या चादरीवर ते पसरतं आणि नातेवाईक घाबरतात. "किती रगत गेलं गं पोरी!" हे वाक्य मी नोकरीत असंख्य वेळा ऐकलंय, मराठीत आणि कन्नडमध्येही. त्यांची समजूत काढता येते. मला काळजी असते ती कॉटच्या कठड्यावर, टेबलाच्या कडेला राहून जाणाऱ्या रक्ताची. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान 7 दिवस जिवंत राहतो. आमच्या मावशी हायपोक्लोराइटने पुसतात, मनापासून पुसतात, पण दिसेल तेच पुसलं जाणार.

आता झडपेविषयी. हबच्या आत सिलिकॉनची छोटी चकती असते आणि तिला मध्यभागी चीर दिलेली असते, काहींना एक सरळ, काहींना तीन पाकळ्या होतील अशी. पाकीट उघडतो तेव्हा सुई याच चिरेतून गेलेली असते. सुई मागे ओढली की सिलिकॉन आपल्या लवचिकपणाने मिटतं आणि रक्त हबमध्येच अडतं. चकतीच्या मागे एक छोटा पोकळ दट्ट्या असतो. सेटचं किंवा सिरिंजचं टोक हबमध्ये घातलं की ते दट्ट्याला पुढे ढकलतं, दट्ट्या चिरेच्या पाकळ्या बाजूला सारतो आणि मार्ग खुला होतो. वेगळं काही उघडायला किंवा फिरवायला लागत नाही. मी निकामी झालेला एक हब ब्लेडने उभा कापून पाहिला, आणि नव्या सिस्टर्सना आता तोच दाखवते. आत काय आहे हे एकदा पाहिलं की पुढचं सगळं पटकन समजतं.

त्यात एक बारीक गोष्ट आहे आणि तिच्यावरच कॅन्युला चांगला की वाईट हे ठरतं. झडप पूर्ण घट्ट केली तर नळीतली हवा कुठे जाणार? हवा अडली तर रक्त नळीत पुढे सरकणार नाही आणि आपल्याला फ्लॅश दिसणार नाही. म्हणून चकतीच्या कडेला किंवा चिरेच्या जागी इतकी सूक्ष्म फट ठेवतात की हवा निसटते आणि रक्त अडकतं. सुईच्या मागच्या चेंबरच्या टोकाला असलेलं सच्छिद्र बूच हेच काम करतं. ही फट नीट जमली नसेल तर दुसरा फ्लॅश, म्हणजे सुई किंचित मागे घेतल्यावर नळीत चढणारी रक्ताची रेघ, फार सावकाश येते. आमच्याकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचा माल आला. एकाची रेघ झटकन चढायची, दुसऱ्याची वाट पाहावी लागायची. बीपी पडलेल्या पेशंटमध्ये ती वाट फार लांब वाटते.

कामात काय बदललं? चादरी कमी खराब होतात, हे खरंच आहे. पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो सुईच्या बाबतीतला फरक. पूर्वी एक हात शिरेवर, दुसऱ्या हातात रक्ताळलेली सुई आणि हबमधून रक्त येतंय, अशा वेळी सुई कुठे जायची? किडनी ट्रेमध्ये, गादीवर, पेशंटच्या मांडीशेजारी. "आधी जोड, मग सुई उचल" असंच सगळ्या जणी करायच्या, कारण रक्त वाहताना दुसरं सुचत नाही. आता सुई निघाल्यावर हब शांत असतो. सुई थेट पांढऱ्या शार्प्स डब्यात टाकायची, मग सेट घ्यायचा, हवा काढायची, जोडायचा. तवंदी घाटातला अपघात आला, एकाच वेळी चार-पाच जखमी, प्रत्येकाच्या दोन्ही हातांना लाईन हवी, अशा रात्री हा फरक दिसतो. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉली उलटून टोळीच्या टोळी यायची, तेव्हाही दिसला. सुई टोचल्यावर हिपॅटायटिस बी ची लागण होण्याची शक्यता एचआयव्हीपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि लस घेतलेली नसेल तर धोका खराच आहे. रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येकाने, मावशी आणि वॉर्डबॉयनेही, लसीचे तीनही डोस पूर्ण करून घ्यावेत. विषय निघालाच आहे म्हणून हे सांगून ठेवते.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी: आमच्याकडे आधी आलेल्या मालातली झडप एकदाच चालणारी होती. पहिल्यांदा सेट जोडला की दट्ट्या पुढे जातो आणि तिथेच अडकून राहतो. पुढे तो कॅन्युला साध्यासारखाच. सेट काढला की रक्त येणार. हे पाकिटावर ठळक लिहिलेलं नव्हतं, आतल्या बारीक अक्षरांच्या पत्रकात होतं. रात्री सलाईन संपलं, सिस्टरने झडप आहे म्हणून निर्धास्तपणे सेट काढला आणि रक्त घोट्यापर्यंत ओघळलं, असं एकाहून जास्त पाळ्यांत घडलं. साध्या कॅन्युलाला शीर दाबायची सवय तरी असते, इथे विश्वासामुळे तीही सुटते. दुसऱ्या कंपनीच्या मालात सेट काढल्यावर सिलिकॉन दट्ट्याला मागे ढकलतं आणि झडप पुन्हा मिटते. किंमत जास्त, पण पैसे द्यायचे तर याचेच द्यावेत. आम्ही तरीही प्रत्येक कॅन्युलाला थ्री-वे लावतो आणि सेट बदलायचा तर थ्री-वे बंद करूनच.

दुसरी तक्रार शिकाऊ मुलींची, आणि ती रास्त आहे. साध्या कॅन्युलात सुई काढल्यावर हबमधून रक्त आलं की खात्री पटायची. झडपेने ती खूण नाहीशी केली. आता फ्लश करून, म्हणजे सिरिंजने थोडं सलाईन सोडून, वरची कातडी फुगते का, पेशंटला झोंबतं का हे पाहूनच खात्री करायची. खरं तर ही पद्धत साध्या कॅन्युलालाही हवीच होती. लहान मुलांच्या वॉर्डाने मात्र पिवळा 24 गेजचा (गेज म्हणजे जाडीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक) झडपवाला कॅन्युला परत केला. बाळाच्या शिरेतून येणारं रक्तच इतकं थोडं की फ्लॅश दिसायला उशीर, आणि बाळ तोवर हात झटकून मोकळं. त्यांचा निर्णय मला पटला.

हबमधून गळणाऱ्या थेंबावर ग्लुकोमीटरची पट्टी धरायची सवयही मोडली. थेंबासाठी काढलेली सुई हातात धरून ठेवू नका, सरळ बोटाला टोचा. ब्लड सॅम्पलला अडचण येत नाही, सिरिंज घट्ट बसवली की झडप उघडते.

फ्लोबद्दल, म्हणजे नळीतून द्रव किती वेगाने जातो याबद्दल, विचारणारे डॉक्टर बरेच भेटले. गुलाबी 20 गेजच्या पाकिटावर साधारण मिनिटाला 60 मिली असा आकडा असतो, हिरव्या 18 गेजला त्याहून बराच जास्त. झडप आणि दट्ट्या वाटेत आल्यावर मार्ग थोडा अरुंद होऊ शकतो. म्हणून दोन्ही पाकिटांवरचे आकडे शेजारी ठेवून पाहा. रोजच्या सलाईन-अँटिबायोटिकला मला फरक जाणवला नाही. पण खूप रक्त गेलेल्या पेशंटला आमचे भूलतज्ज्ञ अजूनही साधा राखाडी 16 गेजच मागतात आणि मी तोच देते.

माझा चुलतभाऊ बेळगावला कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात तिथे, टेक्निशियन आहे. त्याला हा कॅन्युला दाखवला तर तो म्हणाला, "अक्का, आमच्याकडं ह्येच काम रोज चालतंय, फक्त दाब येगळा." अँजिओग्राफीत मनगटाच्या किंवा जांघेच्या धमनीत शीथ, म्हणजे वायर आणि कॅथेटर (लांब बारीक नळी) आत घालायला तोंडावर झडप असलेली नळी, घालतात, आणि धमनीतला दाब शिरेच्या दसपट किंवा त्याहून जास्त. फ्रेंच हे कॅथेटरच्या जाडीचं माप: 6 फ्रेंचचा कॅथेटर म्हणजे 2 मिलिमीटर जाड, कारण 3 फ्रेंचचा 1 मिलिमीटर. त्याच झडपेतून आधी 0.035 इंचाची, म्हणजे मिलिमीटरहून थोडी कमी जाडीची वायर जाते, आणि दोन्ही वेळेला रक्त थांबायला हवं. म्हणून बऱ्याच शीथमध्ये सिलिकॉनच्या चकतीला एका बाजूने आडवी आणि दुसऱ्या बाजूने उभी अशी अर्ध्या जाडीपर्यंतची चीर देतात. दोन्ही फक्त मध्यभागी मिळतात. बारीक वायरभोवती मधलाच भाग मिटतो, जाड कॅथेटरला पाकळ्या वाट देतात. झडप फार घट्ट केली तर कॅथेटर अडखळतो आणि डॉक्टरच्या बोटांना पुढचं काही जाणवत नाही, सैल केली तर गळते. म्हणून वर सिलिकॉन तेलाचा हात असतो. मोठ्या शिरेतल्या शीथमध्ये झडपेचं आणखी एक काम: पेशंटने खोल श्वास घेतला की छातीतला दाब उतरतो आणि उघड्या नळीतून हवा आत खेचली जाऊ शकते. डायलिसिसचा जाड कॅथेटर घालताना फाडून काढायच्या शीथच्या तोंडावर डॉक्टर अंगठा का ठेवतात, ते मला तेव्हा नीट उमगलं. त्या शीथही आता झडपेसह मिळतात.

आमच्या मॅनेजमेंटचा प्रश्न पैशांचा होता आणि तो रास्तच आहे. साध्यापेक्षा हा बराच महाग, आणि शेवटी बिल चिकोडी-हुक्केरीकडच्या शेतकऱ्याच्या नाहीतर कागलच्या रोजंदारीवाल्याच्या खिशातून जातं. म्हणून आम्ही असं ठरवलं: कॅज्युअल्टी, आयसीयू, डायलिसिसचे पेशंट, हात सुजलेले किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, आणि ज्यांची हिपॅटायटिस किंवा एचआयव्हीची तपासणी अजून व्हायची आहे ते सगळे, यांना झडपवाला. कॅज्युअल्टीत आलेल्या कुणाचीच तपासणी आधी झालेली नसते, त्यामुळे तिथे सरसकट. ठरवून केलेल्या ऑपरेशनला आणि लहान मुलांना साधा.

मागवण्याआधी विक्रेत्याकडून चार-पाच नमुने घ्या. सिरिंज जोडा, काढा, पुन्हा जोडा, पुन्हा काढा आणि सलाईन भरून पाहा झडप दुसऱ्यांदा मिटते का. सुई काढताना हाताला अडखळते का तेही तपासा, कारण चिरेने सुई जास्त पकडली तर शिरेत बसलेली नळीही मागे ओढली जाते. वापरून झालेला कॅन्युला लाल पिशवीत, सुई पांढऱ्या डब्यात, झडप असली म्हणून यात काही बदल नाही. आणि स्टोअरवाल्याला सांगून ठेवा, कंपनी बदलली तर पेटी वॉर्डात येण्याआधी इनचार्ज सिस्टरला कळवायचं.