परसातलं खुराडं : पंधरा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये परसात खुराडं बांधलं. त्याने एक अख्खा पावसाळा, थंडी आणि उन्हाळा काढला, आता दुसरा पावसाळा लागलाय. काय टिकलं आणि काय उपटून टाकावं लागलं, ते सांगते. आम्ही देवरुखच्या बाजूला राहतो. मागे काजूची बाग आणि त्यामागे रान. घाटावर कोरड्या हवेत कोंबड्या पाळणाऱ्यांना यातलं निम्मं लागू होणार नाही.

माप 8 बाय 5 फूट. खाली दोन फूट चिऱ्याचं जोतं, वर कोबा, लाकडी चौकट, तीन बाजूंनी जाळी आणि छपराला पत्रा. पुढे फिरायला 8 बाय 12 चं जाळीचं आवार. आत नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा, म्हणजे एकाला चार चौरस फूट. कोंबड्यांत चार गावठी आणि पाच गिरिराज या सुधारित जातीच्या. खर्च 24 हजार झाला आणि पुढच्या वर्षभरात दुरुस्तीला आणखी साडेसहा हजार. सासूबाई बांधकाम चालू असताना रोज विचारायच्या, "अगं, कोंबड्यांना बंगला कशाला?" त्यांच्या वेळी पडवीच्या कोपऱ्यात एक डालगं असायचं आणि त्याखाली सगळा संसार.

साडेसहा हजारांतला मोठा भाग जाळीने खाल्ला. मी षटकोनी भोकांची ती नेहमीची चिकन जाळी लावली होती. स्वस्त असते, हलकी असते, हाताने कापता येते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री कोंबड्यांचा एकच कालवा झाला. बॅटरी घेऊन जाईपर्यंत दोन गेल्या होत्या. एक आतच पडली होती, मुंडी नव्हती. जाळीला चिकटून झोपली होती, बाहेरून पंजा घालून ओढली असणार. दुसरी नेली, कोपऱ्यातली तार उसवून. चिखलात मांजरासारखे पण मोठे ठसे होते, म्हणजे रानमांजर असावं. चिकन जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही, एवढं मला त्या रात्री कळलं.

आता खालचे चार फूट जाड तारेची अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारांचे सांधे जोडलेली चौकोनी जाळी आहे, खिळ्यांनी नव्हे तर पट्टी ठोकून दाबलेली. वर जुनीच जाळी ठेवली. आवाराच्या कडेला जाळी खोल पुरा असं सगळे सांगतात, पण आमच्याकडे वीतभर खाली कातळ लागतो. म्हणून एक फूट रुंदीची जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी अंथरली आणि वर दगड ठेवले. उकरणारं जनावर भिंतीच्या बुडाशीच उकरतं, त्याला नखाखाली तार लागते आणि ते सोडून देतं. मुंगसासाठी हाच उपाय. मुंगूस दिवसाढवळ्या येतं आणि दाराखालच्या दोन बोटांच्या फटीतून शिरतं. त्या फटीला आम्ही रबराची पट्टी लावली होती, ती कुरतडली गेली. आता खाली लाकडी उंबरा आहे.

कडीबद्दलही सांगते. साधी आडवी कडी वाऱ्याने आणि धडकांनी सरकते. कडीच्या भोकात मोठा खिळा अडकवून ठेवायचा, दोरीने बांधलेला, म्हणजे हरवत नाही. पंधरा महिन्यांत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू तीच.

दिशा मी वाचून ठरवली होती: लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे लांब बाजूंवर ऊन थेट पडत नाही. उन्हाळ्यात त्याचा फायदा झाला. मे महिन्यात दुपारी कोंबड्या चोची उघडून धापा टाकत होत्या, पण एकही दगावली नाही. फक्त पावसाळ्याचा वारा नैऋत्येकडून येतो आणि माझी दक्षिणेची लांब बाजू पूर्ण उघडी, हे कुणी सांगितलं नव्हतं. पत्रा जाळीच्या पुढे एक फूट काढला होता. तेवढ्याने काय होतंय? जुलैत झड थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत. खालचा भाताचा तूस दोन दिवसांत कुबट झाला. मग घाबरून मी चारही बाजूंनी ताडपत्री बांधली आणि ती चूक पहिल्या चुकीपेक्षा मोठी ठरली. सकाळी दार उघडलं की डोळे चुरचुरायचे. शिटेचा अमोनिया आत कोंडत होता. आठवड्यात दोघी शिंकायला लागल्या, तिसरीला रक्ती हगवण. ओला तूस म्हणजे त्या रोगाचं घरच. पशुवैद्यांनी औषध दिलं, ती वाचली, पण महिनाभर अंडं दिलं नाही.

उपाय अगदी जुना निघाला. दक्षिणेला आणि पश्चिमेला माडाच्या झावळ्यांचे झाप लावले, छपराखालची नऊ इंच पट्टी मात्र सगळीकडे उघडी ठेवली. गरम, दमट हवा वरून निघून जाते आणि पाऊस खाली अडतो. झाप विणायला सासूबाईंनीच शिकवलं. बंगल्याला शेवटी झापच लागले, हे त्या अजून ऐकवतात. या वर्षी मेच्या अखेरीस पत्रा दक्षिणेकडे अडीच फूट वाढवून घेतला. आज दीड महिना झाला, तूस कोरडा आहे.

झोपायच्या दांड्या बांबूच्या होत्या. दिसायला छान. थंडीत कोंबड्या रात्री आत जायला कुरकुर करू लागल्या, तुरे फिके पडले. बॅटरी घेऊन पाहिलं तर पेरांच्या फटींतून लाल कोळी नावाचे बारीक किडे निघून त्यांच्या अंगावर चढत होते. दिवसा फटीत लपतात, रात्री रक्त पितात. बांबू जाळून टाकले. आता रंधा मारलेली दोन इंची लाकडं आहेत, खाचेत नुसती ठेवलेली. महिन्यातून एकदा काढून उन्हात टाकते. आवारात राख आणि कोरड्या मातीचं घमेलंही ठेवलंय, त्यात लोळून त्या स्वतःची सफाई करतात. गिरिराज अंगाने जड. चार फुटांवरून कोब्यावर उड्या मारून एकीच्या तळव्याला गाठ आली, तेव्हा दांड्या अडीच फुटांवर आणल्या. सगळ्या एकाच उंचीवर. नाहीतर वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी भांडणं.

अंड्यांसाठी फूटभर लांबी-रुंदीचे तीन खण केले. तिन्हींत सारखाच पेंढा, सारखाच अंधार. नऊच्या नऊ जणी डावीकडच्याच खणात जातात. एक बसलेली असताना दुसरी बाहेर उभी राहून ओरडते, एसटीच्या तिकीट खिडकीवर असावी तशी. उजवीकडच्या खणांत खोटं अंडं ठेवून पाहिलं, उपयोग शून्य. मी आता तिसऱ्यात दाण्याचं माप ठेवते. मात्र खण दांडीपेक्षा खाली ठेवलेत हे बरं केलं. वर असते तर त्या तिथेच झोपल्या असत्या आणि अंडी शिटेत माखली असती.

सगळ्यात जास्त पस्तावले ते उंचीला. पैसे वाचवायला दार चार फुटांचं केलं. रोज सकाळी कमरेत वाकून आत शिरायचं, दांडीखालचा, शीट पडते तो पत्रा खरवडायचा, वाकूनच बाहेर यायचं. खरवडायला पाच मिनिटं लागतात, पाठ धरते ती दुपारपर्यंत. खुराडं कोंबडीच्या मापाने बांधू नका, झाडणाऱ्याच्या मापाने बांधा. या दिवाळीनंतर छप्पर उचलणार आहे. खरवडलेलं खत सहा महिने कुजवून माडांना घालते. एकदा ताजंच मिरचीला घातलं, ती करपली.

वहीत वर्षाची 712 अंडी आहेत. थंडीत दिवस लहान झाले की आणि पिसं झडायच्या दिवसांत गावठ्या जवळजवळ बंदच. खाणं विकतचं धरलं तर हिशेब जेमतेम बसतो, खुराड्याचा खर्च तर अजून फिटलेला नाही. लसीचं एक सांगते: मानमोडीच्या, म्हणजे राणीखेत रोगाच्या लसीची कुपी 100 पिल्लांची येते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. आमच्याकडे एका वेळी दहा पिल्लं. म्हणून वाडीतल्या पाच घरांनी एकच दिवस ठरवलाय, सकाळी सगळे आपापली पिल्लं टोपलीत घेऊन आमच्या अंगणात.

राहिली ती लाल गावठी कोंबडी. पहिल्या दिवसापासून ती आत झोपलेली नाही. अंडं घालायला डाव्या खणात येते, दाणे खाते, आणि दिवेलागणीला उडून फणसावर. किती वेळा काढून आत टाकली, दुसऱ्या दिवशी पुन्हा फणस. पावसातही. रानमांजर झाडावर चढतं हे तिला कोण सांगणार? पंधरा महिने झाले, ती तिथेच आहे आणि ठणठणीत आहे. सासूबाई संध्याकाळी तिच्याकडे बोट दाखवतात आणि मला काही बोलत नाहीत.