चारशेची प्राइम की दीडशे-सहाशेची झूम?

साताऱ्याकडे पक्ष्यांच्या नादाला लागलेला माणूस थोडे दिवस ७०-३०० मिलिमीटरच्या लेन्सवर काढतो आणि मग याच दोन दारांशी येऊन अडतो: ४०० एफ/५.६ प्राइम, म्हणजे झूम न होणारी, एकाच मापाची लेन्स, नाहीतर १५०-६०० झूम. दोन्ही लेन्स माझ्या हाताखालून गेल्यात, एक अजून आहे. शार्पनेसचे तक्ते तुम्ही पाहिलेच असतील, त्यात शिरत नाही.

आधी झूमच्या बाजूने बोलतो. ६०० वर तोच पक्षी ४०० पेक्षा लांबीला दीडपट, क्षेत्रफळात सव्वादोनपट मोठा येतो. मायणीला किंवा येरळवाडीला पट्टकदंब नाहीतर रोहित पाण्याच्या मधोमध असतात आणि काठावरून पुढे जायला वाट नसते, तेव्हा हा फरक खरा असतो. पण सकाळी ऊन तापायला लागलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि मग ६०० घ्या नाहीतर ८००, पिसं लापशीसारखीच येतात. म्हणजे सव्वादोनपटीचा खरा उपयोग उजाडल्यावरचे पहिले दोनेक तास. त्या वेळेत तुम्ही काठावर ठाण मांडून बसणार असाल, तर झूम घ्या. माझी हरकत नाही.

संगम माहुलीच्या झाडीत किंवा बामणोलीकडच्या जंगलातही झूम उजवी ठरते, कारण तिला स्टॅबिलायझेशन असतं, म्हणजे हाताची थरथर ती आतच सावरते. माझी ४०० कॅननची, १९९३ सालचं डिझाइन. तिला ते नाहीच. अंधाऱ्या फांदीवर निवांत बसलेला पक्षी झूमने १/१२५ सेकंदाच्या शटरवर हातातून निघतो. ४०० ला मी मोनोपॉड (एकपायी स्टँड) लावतो किंवा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, चढवतो आणि फोटोतला नॉइज (दाणे) सोसतो.

मग माझ्याकडे ४०० का राहिली? एका खटक्यामुळे.

बहुतेक १५०-६०० झूमची नळी पुढे सरकते. कॅमेरा खांद्याला उलटा लटकवून चाळकेवाडीच्या पठारावर चालत निघालात की काचेच्या वजनाने ती आपोआप खाली घसरते आणि गुडघ्याला लागते. म्हणून कंपन्यांनी लॉकचा खटका दिलाय. पट्टा घातला की आपण तो लावतो, हात आपसूकच जातो तिकडे. पवनचक्क्यांच्या बाजूने चालत असताना गवतातून भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी, उठतो. कॅमेरा डोळ्याला लागतो, पक्षी सापडतो, पण झूम दीडशेवर आहे, म्हणून तो मुंगीएवढा. रिंग फिरवायला जावं तर फिरत नाही. डोळा काढून खटका शोधा, सरकवा, रिंग पार सहाशेपर्यंत फिरवा, परत डोळा लावा. तोवर समोर आभाळ. काही लेन्समध्ये जोर लावला की लॉक सुटतो, तिथे त्रास कमी होतो. पण रिंगचा तो लांबलचक फेरा उरतोच. (सोनीच्या २००-६०० ची नळी बाहेर येतच नाही. सोनीवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.)

४०० ला लॉकचा खटका नाही, झूमची रिंगही नाही. सव्वा किलो वजन, त्यामुळे दिवसभर हातातच राहते. झूम दोन किलोच्या आसपास जाते. ४०० चं हूड (पुढचं ऊन अडवणारं कडं) अंगातच सरकतं, चाळकेवाडीच्या वाऱ्यात बारीक नळी कमी डुलते. फोकस लिमिटर, म्हणजे जवळचं फोकस बंद करणारा खटका, ८.५ मीटरवर ठेवला की उडत्या पक्ष्यावर लेन्स पुढे-मागे हुडकत बसत नाही.

शिकण्याच्या बाबतीत मला आणखी एक वाटतं, कदाचित माझ्यापुरतंच असेल. झूम करता येत नाही म्हटल्यावर डोळ्याला चौकट पाठ होते. चंडोल किती पावलांवर असला तर भरेल, खरुची (छोटा शिकारी पक्षी) कुठल्या उंचीवर आली की बटण दाबायचं, हे कॅमेरा वर करायच्या आधीच कळायला लागतं. मग आपण पक्ष्याकडे जाण्याऐवजी सूर्य पाठीशी घेऊन बसायला शिकतो आणि पक्षी जवळ येतो. झूमवर मी दूरचा पक्षी दिसला की रिंग फिरवून समाधान मानायचो. झूमवर हे शिकता येत नाही असं नाही, पण ती शिकायची सक्ती करत नाही.

तरीही मुलांचं स्नेहसंमेलन, कासवरची फुलं आणि पक्षी असं सगळं एकाच लेन्सवर भागवायचं असेल तर ४०० च्या वाटेला जाऊ नका. साडेतीन मीटरच्या आत ती फोकसच करत नाही. शिवाय ती आता जुनीच शोधावी लागते. घेताना मागच्या बाजूने टॉर्च मारून बुरशीचे धागे बघा, आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेली काच फार भरवशाची नसते. मिररलेस (आतला आरसा नसलेल्या नव्या) कॅमेऱ्यावर अ‍ॅडॉप्टरने ती व्यवस्थित चालते.

झूमकडेच मन ओढत असेल तर दुकानदाराला सांगून ती कॅमेऱ्याला लावा आणि बाहेर फुटपाथवर या. लॉक लावून कॅमेरा खांद्याला सोडा, आणि समोरच्या छपरावरून कबुतर उठलं की त्याचा एक फोटो काढून बघा.