परदेशात व्हॉलंटिअर म्हणून पाठवणारी एजन्सी: कामाला चार स्टार, सर्व्हिसला दीड

आधीच सांगते, एजन्सीचं नाव लिहीत नाहीये आणि देशाचंही नाही, कारण माझं डिपॉझिट अजून त्यांच्याकडे अडकलंय आणि देश सांगितला की एजन्सी कुठली ते लगेच कळेल. तशाही ह्या धंद्यातल्या बऱ्याच वेबसाइट सारख्याच दिसतात, तोच हसऱ्या पोरांचा फोटो, तेच मोठं निळं बटण.

मी तीन महिन्यांसाठी गेले होते. शाळेत इंग्रजी शिकवायचं, राहायचं एका कुटुंबात आणि "२४ तास लोकल सपोर्ट". फी सगळी आगाऊ. फुकट काम करायला जायचं आणि वर पैसेही आपणच भरायचे, हे काय, असं मला घरच्यांपासून सगळ्यांनी विचारलं. तर राहण्या-जेवणाला खर्च येतोच, तिथे कोणीतरी आपल्यामागे वेळ घालवतं, त्यामुळे पैसे घेतले ह्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यातले शाळेला किती जातात, त्या घराला किती आणि ऑफिसला किती हे तीनदा मेल करून विचारलं, तर तिन्ही वेळा "तुमच्या योगदानाबद्दल आभारी आहोत" एवढंच आलं. अहो आभार नकोत, हिशोब द्या.

व्हिसाचा घोळ सगळ्यात मोठा. टुरिस्ट व्हिसावर या, सगळे तसेच येतात, इमिग्रेशनला विचारलं तर फिरायला आलोय म्हणा, असं मला चक्क फोनवर सांगितलं. मी जरा भित्री आहे म्हणून दूतावासाच्या साइटवर जाऊन नियम वाचले, तर पगार नसला तरी व्हॉलंटिअरिंग म्हणजे कामच धरतात. बऱ्याच देशांत असंच आहे. पकडले गेले असते तर परतीच्या विमानात मला बसवलं असतं, एजन्सीवाल्यांना नाही. मग भांडून शाळेचं पत्र मागवलं, योग्य व्हिसा काढला, त्यात तारीख पाच आठवडे पुढे गेली. लसीचं पण तेच. यलो फीव्हरची लस घेतल्यावर १० दिवसांनी सर्टिफिकेट व्हॅलिड होतं, आणि ह्यांची "निघण्यापूर्वीची चेकलिस्ट" मला आली निघायच्या सहा दिवस आधी. नशीब मी स्वतःच डॉक्टरकडे जाऊन आले होते (एक बरं झालंय, २०१६ पासून ते सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं, पूर्वी दर १० वर्षांनी परत घ्यायला लागायची).

एअरपोर्टवर माणूस वेळेवर हजर होता, त्याचे मार्क द्यायलाच हवेत. ओरिएंटेशन मात्र दीड तासाचं, त्यातला निम्मा वेळ त्यांचे टी-शर्ट घालून फोटो काढण्यात गेला. उरलेल्या वेळात कल्चर शॉकवर एक स्लाइड होती, कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० च्या लेखात सांगितलेले टप्पे, म्हणजे आधी सगळं गोड गोड, मग चिडचिड, मग हळूहळू सवय. मला तेव्हा हसू आलं होतं. तिसऱ्या आठवड्यात खोलीतला बल्ब गेला आणि नवीन बल्ब कुठे मिळेल एवढं साधं मला कोणाला विचारता येईना, तेव्हा भर रस्त्यात उभी राहून रडले. बल्बसाठी! त्या २४ तास सपोर्टला मेसेज टाकला होता, दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, "होप यू आर एंजॉइंग". तोपर्यंत ज्या घरी राहत होते तिथल्या आजींनी माझा चेहरा बघून, काही न विचारता, त्यांच्या खोलीतला बल्ब काढून माझ्या खोलीत लावला होता. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी रोज संध्याकाळी पायरीवर बसून आम्ही तासभर बोलायचो. त्या त्यांच्या भाषेत, मी सरळ मराठीत. ह्या घरासाठी एजन्सीला जेवढे स्टार द्यायचेत तेवढे घ्या, पण त्यात तुमची करामत काहीच नाही, हेही खरं.

आता मुख्य काम. शाळेत इंग्रजीच्या बाई आधीपासून होत्या आणि चांगल्या शिकवत होत्या. मी पहिल्या दिवशी उत्साहाने फळ्यावर रंगांची नावं लिहायला गेले तर माझं लिहून व्हायच्या आत पोरांनी सगळे रंग म्हणून दाखवले, मग न सांगताच वारही म्हणून टाकले. त्या वर्षातली मी चौथी व्हॉलंटिअर होते आणि आधीच्या तिघांनी दोन-दोन आठवड्यांत रंग आणि वारच शिकवले होते. बाईंनी मला किती दिवस राहणार ते विचारलं, मी तीन महिने म्हटलं, तेव्हा कुठे त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. पीस कोअरवाले (अमेरिकन सरकारची परदेशात व्हॉलंटिअर पाठवणारी संस्था) २७ महिन्यांसाठी पाठवतात आणि त्यातले पहिले तीन महिने भाषा आणि ट्रेनिंगमध्येच जातात, ते का, हे मला त्या खुर्चीवर बसल्यावर कळलं. माझे अख्खे तीन महिने म्हणजे त्यांचं नुसतं ट्रेनिंग.

बाईंना वर्गात दुसरा शिक्षक नकोच होता. त्यांना हवं होतं इंग्रजी बोलायला कोणीतरी, आणि देणगीत आलेल्या पुस्तकांची खोकी उघडून लावायला दोन हात. मग दुपारी आम्ही तेच करायला लागलो. पुस्तकं लावताना त्या इंग्रजीत बोलायच्या, मी त्यांच्या भाषेत बोलायचे आणि खिडकीतून पोरं माझे उच्चार ऐकून खो-खो हसायची, एक मुलगी तर रोज येऊन माझी परीक्षा घ्यायची आणि नापास करायची. इतकं मजेत मी नोकरीत कधी काम केलेलं नाही. ह्यातलं काहीच ब्रोशरमध्ये नव्हतं.

मध्येच एजन्सीने एक "ॲड-ऑन" विकायचा प्रयत्न केला, एक दिवस अनाथाश्रमात मुलांशी खेळायचं, वेगळे पैसे. मी नाही म्हटलं. अशा संस्थांमधल्या कितीतरी मुलांचे आई-वडील जिवंत असतात, पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणूनही मुलं आणून ठेवली जातात, ऑस्ट्रेलियात तर २०१८ पासून असल्या तस्करीला आधुनिक गुलामगिरीच मानतात. ह्यांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. अर्धा स्टार इथेच कापलाय.

दोन आठवड्यांचं पॅकेज घेणार असाल तर माझं ऐका आणि सरळ फिरायला जा. नुसतं परदेशात राहून बघायचं असेल तर वूफ (WWOOF) नावाची योजना आहे, १९७१ पासून चालू आहे, शेतावर रोज काही तास काम करायचं आणि राहणं-जेवण मिळतं, पण व्हिसाचा नियम तिथेही बघाच. हातात एखादं खरं कौशल्य आणि अनुभव असेल तर यूएन व्हॉलंटिअर्समध्ये अर्ज करा, तिथे उलट राहण्याखाण्यासाठी भत्ता मिळतो. आणि एजन्सीकडूनच जायचं असेल तर माझ्याआधी तिथे कोण होतं आणि माझ्यानंतर कोण येणार, हे पैसे भरायच्या आधी लेखी विचारा.

बाईंचा परवा व्हॉइस मेसेज आला, पाचवी व्हॉलंटिअर आलीये, दोन आठवड्यांसाठी, आणि ती रंग शिकवतेय. डिपॉझिटचं "प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर येऊन सात आठवडे झाले, मिळालं तर इथेच एडिट करून लिहीन.